जीपीएक्स फाइल वाटून वाटा टिकत नाहीत

घाटवाट_फोरएल

परवा 'नवखा_पण_हौशी' यांनी पुणे, सातारा आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या, फोर-बाय-फोर गाड्या नेण्याच्या कच्च्या वाटांची आणि तंबू टाकण्याच्या जागांची एक जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनच्या नकाशावर वाटा आणि ठिपके दाखवणारी फाइल, आपल्या गटात सर्वांसाठी खुली केली. सोबत असेही लिहिले की, ज्या जुन्या मंडळींनी या वाटा वर्षानुवर्षे दडवून ठेवल्या, त्यांना सह्याद्री आपल्या तीर्थरूपांनी विकत घेऊन ठेवला आहे असे वाटते. पोस्टवर टाळ्यांचा पाऊस पडला. मी त्या पावसात भिजलेलो नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फाइल मी पूर्ण उघडून पाहिली. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याला जाणारी वाट त्यात आहे. ती शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तिचे गुपित कोणी ठेवले होते? पण रतनवाडी आणि साम्रदच्या बाजूला जे ठिपके टाकले आहेत, त्यांतले बरेचसे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या ऐन झाडीत पडतात. परवानगीवाचून तिथे गाडी घालणे आणि मुक्काम ठोकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याबद्दल फाइलमध्ये चकार शब्द नाही. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला त्याच झाडीत काजवे येतात. काजव्यांचे नर आणि माद्या एकमेकांना उजेडाच्या उघडझापीवरून शोधतात, आणि आपले लोक तिथे छतावरच्या एलईडी पट्ट्या पेटवून जेवायला बसणार.

सर्वांत वाईट ठिपके कासच्या आसपासच्या सड्यांवरचे, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरचे आहेत. तिथे शेरा आहे, 'मोकळे मैदान, पावसात भन्नाट'. जांभ्या खडकावर त्या ठिकाणी वीतभरसुद्धा माती नसते. जी असते तिच्यात पहिल्या पावसानंतर दवबिंदू, सीतेची आसवे, तेरडा अशी रानफुले उगवतात आणि पाऊस ओसरेपर्यंत फुलून, बी धरून संपतात. भिजलेल्या सड्यावरून एक गाडी गेली की दोन चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते, ते वाहू लागले की माती घेऊन जाते. मागून येणारा गडी चाकोरी खोल दिसली म्हणून शेजारून गाडी काढतो, आणि दसऱ्यापर्यंत एका वाटेच्या चार झालेल्या असतात. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, त्याला निदान पहारा आणि तिकीट आहे. शेजारच्या सड्यांना आपण तोंड बंद ठेवतो एवढेच संरक्षण आहे.

वाट विचारली तर मी सांगतो. मात्र आधी माणसाला भेटतो आणि मग सांगतो. याला टोळी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

नवखा_पण_हौशी

'आधी भेटतो, मग सांगतो' हे वाचायला फार छान वाटते. प्रत्यक्षात काय घडते ते मी सांगतो. गटात प्रश्न टाकला की पहिले उत्तर येते, 'खासगीत विचारा'. खासगीत विचारले की 'गाडी कोणती?' असा उलट प्रश्न येतो, आणि फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी महिंद्रा थार म्हटले की संभाषण तिथेच संपते. मग माणूस एकटा जातो. पानशेतच्या जलाशयाकाठी उन्हाळ्यात पाणी मागे हटले की जी जमीन उघडी पडते, तिच्यावर मी असाच एकटा उतरलो होतो. वरून भेगाळलेली, टणक दिसणारी पापडी आणि खाली गुडघाभर गाळ. गाडी दोन्ही धुऱ्यांपर्यंत रुतली. पुढच्या वाडीतून ट्रॅक्टर येईपर्यंत अंधार पडला आणि ट्रॅक्टरवाल्याने जो भाव सांगितला तो निमूटपणे द्यावा लागला. त्या जागी अगोदर दहा गाड्या रुतल्या होत्या, हे मला ट्रॅक्टरवाल्याने हसत हसत सांगितले. म्हणजे ही माहिती गावाला होती, तुम्हा जुन्या मंडळींनाही होती. नव्हती ती फक्त मला. माझ्या फाइलमध्ये त्या काठावर लाल फुली आहे. तुमच्या पोतडीतली एक तरी फुली आजवर कोणाच्या कामी आली आहे का?

जिप्सी_अजून_आहे

दोघांच्याही भांडणात मूळ रोगाचे नाव कोणी घेत नाही. १९८५ साली मारुतीने जिप्सी आणली, तेव्हापासून ही हौस मूठभरांची होती, कारण त्या गाडीत बसल्यावर पाठीचे मणके मोजता येत. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, टचस्क्रीन आली, आणि रविवारी ताम्हिणीत लग्नाच्या वरातीपेक्षा लांब रांग लागू लागली. त्यात पुढे चारही चाकांना ताकदच नसलेली थार निघाली. माझी जिप्सी टनाच्या आतबाहेर. ती ज्या चिखलावरून तरंगत जाते तिथे पावणेदोन टनांचा रथ रुतणारच, त्याला ठिपक्यांचा काय इलाज?

शिवाय फाइल वाटणाऱ्यांनी हेही वाटावे, की गाळात उतरण्यापूर्वी टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची असते, आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला ओढण्याचा दोर कधीही बांधायचा नसतो, कारण तो गोळा तुटला की मागच्या गाडीची काच फोडून आत येतो. हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना फक्त 'लोकेशन' हवे असते.

दापोलीकर

फाइलमध्ये किनारा नाही हे आमचे नशीब. वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि अंडी फुटायला दीड-दोन महिने लागतात. वरून गाडी गेली तर खाली काय झाले हे चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. तेवढे लक्षात असू द्या.

मुळशीची_लेक

मी इथे सहसा लिहीत नाही. तुम्ही ज्याला 'ट्रेल' म्हणता तो आमच्या खाचरांकडे जाणारा रस्ता आहे. ग्रामपंचायतीकडे पैसे नसले की उन्हाळ्यात गावातले पुरुष श्रमदान करून त्याच्यावर मुरूम पसरतात. आषाढात लावणी चालू असताना तुमच्या बारा-पंधरा गाड्यांची रांग येते, त्यांतले चौघे मुद्दाम चाके फिरवून चिखल उडवतात, व्हिडिओ काढतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला माझा भाऊ दोन्ही कॅन मोटारसायकलला बांधून त्या लगद्यात आडवा होतो. गावाने शेवटी रस्त्यावर बांबू टाकला आणि गाडीमागे शंभर रुपयांची पावती सुरू केली. त्या पैशांतून मुरमाच्या ट्रॉल्या आल्या. तर पहिल्याच रविवारी एका साहेबांनी माझ्या चुलत्यांना 'खंडणी मागता का?' असे विचारले. चुलते सत्तरीचे आहेत.

कलम_आणि_क्लच

ताई, तुमच्या चुलत्यांशी कोणी उद्धट बोलले असेल तर ते निषेधार्हच आहे. पण प्रश्न खरा आहे. सार्वजनिक रस्त्यावर बांबू आडवा टाकून पैसे घेण्याचा अधिकार कोणी दिला? ग्रामपंचायतींना कर आणि फी बसवता येते, पण त्याची रीत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने आणि नियमांनी घालून दिलेली आहे. ठराव करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात. गळ्यात मफलर घातलेली तीन पोरे आणि बाजारात मिळणारे कोरे पावतीपुस्तक म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. मागच्या हिवाळ्यात एका घाटमाथ्यावर जाताना मला एकाच रस्त्यावर तीन ठिकाणी थांबवले. तिसऱ्या ठिकाणी मी पहिल्या दोन पावत्या दाखवल्या, तर उत्तर मिळाले, 'ती खालची वाडी, ही वरची.' याला तुम्ही काय म्हणाल?

मुळशीची_लेक

खालची वाडी आणि वरची वाडी यांचे रस्ते वेगळे खराब होतात, असे म्हणेन. कासला संयुक्त वन व्यवस्थापन समिती प्रवेशाचे पैसे घेते, तेव्हा तुम्ही रांगेत उभे राहून, ऑनलाइन आरक्षण करून, हसत हसत पैसे देता; तिथे कलम आठवत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलाचे काय करायचे ते गाव ठरवू लागले, त्याचे कौतुक याच गटात झालेले मी वाचले आहे. गाव दूर असले की स्वशासन आणि पुण्यापासून दीड तासावर असले की खंडणी, असा हिशेब दिसतो.

कलम_आणि_क्लच

मेंढा-लेखाला हक्क कायद्याने मिळाला, बांबूने नव्हे. तुम्ही विषय भावनेवर नेत आहात.

मुळशीची_लेक

आणि तुम्ही तो शंभर रुपयांवर आणून ठेवला आहे. गाडीच्या एका टायरच्या किमतीत आमची अख्खी वाट दुरुस्त होते.

सड्यावरचा_सातारी

पावतीचे काय करायचे ते करा, पण 'घाटवाट' यांच्या सड्याच्या कळवळ्याबद्दल मला बोलायचे आहे. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची पाती वाहणारे लांबलचक ट्रेलर नेण्यासाठी सडा फोडून रस्ते केले गेले. डोंगरउतारावर प्लॉट पाडणाऱ्यांचे जेसीबी तर बारमाही चालू असतात. तेव्हा कोणाला दवबिंदू आठवला नाही. आमच्यासारख्या चार हौशी माणसांनी महिन्यातून एकदा गाडी नेली की मात्र सगळे वनस्पतिशास्त्रज्ञ होतात.

घाटवाट_फोरएल

जेसीबीने हात तोडला म्हणून आपण बोट तोडायला हरकत नाही, हा युक्तिवाद आपल्यालाच शोभतो. पवनचक्कीचा रस्ता एकदा झाला आणि तिथेच राहिला. तो दर रविवारी दहा हात सरकत नाही. आणि 'चार हौशी' हा आकडा फाइल निघण्यापूर्वीचा आहे. ती आज किती फोनमध्ये आहे ते तिच्या मालकालासुद्धा सांगता येणार नाही.

'नवखा' यांच्या एका मुद्द्याला मात्र उत्तर देणे भाग आहे. गाडीचे नाव ऐकून संभाषण संपवणे हा माजोरडेपणा आहे आणि तो या गटात आहे, हे मी नाकारत नाही. पानशेतच्या काठाची लाल फुली उपयोगाची आहे. धोक्याच्या फुल्या जरूर वाटा, त्यांना माझा विरोध नाही. माझा विरोध 'या, इथे उतरा आणि तंबू ठोका' असे सांगणाऱ्या ठिपक्यांना आहे, कारण तो ठिपका शेत कोणाचे, गवत कापले की नाही, शेकोटी चालेल का, यांतले काहीच सांगत नाही. फेब्रुवारीत वाळलेल्या कुरणात तुमच्या शेकोटीची एक ठिणगी पडली की रात्रभर वणवा विझवायला फांद्या घेऊन धावतात ती गावातली माणसे, तुम्ही नव्हे. गाडी पाहून नव्हे, तर माणूस पाहून वाट सांगावी, एवढेच माझे म्हणणे पहिल्यापासून आहे.

नवखा_पण_हौशी

आपला अर्धा परिच्छेद मान्य. 'माजोरडेपणा' हा शब्द आपण स्वतःहून वापरलात, त्याची नोंद घेतली आहे. अभयारण्यातले आणि सड्यांवरचे ठिपके आज रात्री काढून टाकतो. फुल्या राहतील, आणि राजमाचीही राहील, कारण शेंबड्या पोरांचीही सोय पाहिली पाहिजे. तीर्थरूपांबद्दलचे वाक्य मात्र मागे घेणार नाही. 'माणूस पाहून' म्हणजे कोणाच्या ओळखीचा माणूस, हे आपण अजून सांगितलेले नाही.

जिप्सी_अजून_आहे

काढून टाकलेली फाइल लोकांच्या फोनमधून कशी काढणार, तेही सांगा. बाकी टायरच्या हवेबद्दल अजून एकानेही विचारलेले नाही.

मुळशीची_लेक

'घाटवाट' आणि 'नवखा' यांची समेट झाली असेल तर आमच्या वाटेचे नाव कोणत्याही फाइलीत असो वा नसो, आम्हाला फरक पडत नाही. भातकापणी झाली, खाचरे सुकली की या. सरपंचांना आदल्या दिवशी फोन करा, ओढ्याच्या अलीकडच्या माळावर तंबू टाकायची जागा ते स्वतः दाखवतात आणि सरपणही विकत मिळते. लावणीच्या दिवसांत येऊ नका.

कलम_आणि_क्लच

पावतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि ठराव क्रमांक असेल का?

मुळशीची_लेक

शिक्का आहे. ठराव येत्या ग्रामसभेत आहे. हरकत नोंदवायची असेल तर समक्ष या, पण गाडी फाट्यावर लावून चालत या.