डोंबिवली ते बीकेसी: मीटिंगपर्यंत शर्ट वाचवायचा कसा?

खोकेवाला
नमस्कार मंडळी. माझा कोरुगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. कारखाना अंबरनाथ एमआयडीसीत, राहायला डोंबिवलीत. आजवरची गिऱ्हाइकं भिवंडी-तळोज्याची, गोडाऊनमध्ये उभ्याउभ्या बोलणी. अंगात काय घातलंय याची कुणाला पडलेली नसायची. आता मोठ्या कंपन्यांचे परचेसवाले बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बोलावतात आणि तिथे माझी पंचाईत होते.

मागच्या आठवड्यात पांढरा शर्ट, कडक इस्त्री करून निघालो. कुर्ल्यापर्यंत लोकलच्या दारात, मग शेअर रिक्षा, वर पाऊस. सॅक नवीकोरी, निळी. मीटिंगमध्ये समोरच्या मॅडम सारख्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या. नंतर वॉशरूमच्या आरशात कळलं, सॅकच्या पट्ट्याने रंग सोडला होता. खांद्यापासून काखेपर्यंत निळा पट्टा! त्याआधी गेटवर सिक्युरिटीने विचारलंच होतं, "पार्सल कितव्या मजल्याचं?" हातात सॅम्पलची खोकी होती, राग तरी कुणावर काढणार?

ऑर्डर लटकलीय, येत्या गुरुवारी परत बोलावलंय. सूट घेऊ का? लग्नातला आहे, पण त्याचं बटण आता लागत नाही.

लालबागचा_शिंपी
सूट अजिबात नको. खोकी विकणारा माणूस ऑगस्टमध्ये सूट घालून आला तर समोरच्याला वाटतं, भाव चढवून लावलाय.

शर्ट शिवून घ्या. मंगलदास मार्केटमधून ट्विल विणीचं सुती कापड आणा, तिरक्या रेघा दिसतात ते. साध्या पॉपलिनपेक्षा कमी चुरगळतं. लिनन तर कल्याण यायच्या आत पापड होतं (तुम्ही उलटे जाता, पण समजून घ्या). शिवायच्या आधी कापड पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात कॉलर गळा आवळते. रंग पांढरा किंवा गडद निळा. राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचा नकाशा उठतो. खालून लांबी जास्त ठेवायला सांगा, दारात हात वर केला की आखूड शर्ट बाहेर येतोच. आणि आत बनियन घाला. उकाड्यात नको वाटतं, पण घाम तोच पितो.

तयार शर्ट घेतलात तर खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते का, एवढं बघा. पोटावर सैल असेल तर आम्ही दाबून देतो, खांदा ओघळलेला असेल तर दुकानदाराला परत.

वसईची_सेल्सवाली
काका, कापड कितीही चांगलं असलं तरी सकाळच्या फास्टपुढे ते काय टिकणार? मी अठरा वर्षं सेल्समध्ये आहे. गाडीत जुना कुर्ता, मीटिंगचा कुर्ता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत. अर्धा तास आधी पोचायचं, बदलायचं, पंख्याखाली बसायचं. तोंड धुतल्यावर लगेच आत जाऊ नका.

वेळ असेल तर कुर्ल्याला उतरूच नका. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रोने बीकेसी. वळसा आहे, पण सगळा एसीत. आणि बूट! पावसात चपला घाला, बूट बॅगेत. ओले मोजे सगळ्या खोलीला कळतात.

खोकेवाला
गुरुवारी जाऊन आलो. ट्विलला वेळ नव्हता, जुनाच पांढरा शर्ट पिशवीतून नेला, मरोळमार्गे. बूट स्टेशनवरच पॉलिश करून घेतले होते. एकदम टकाटक. गेटवर तरीही विचारलं, "पार्सल?" मॅडमनी या वेळी खांद्याकडे नाही, कोटेशनकडे बघितलं आणि खोक्यामागे चाळीस पैसे कमी करायला सांगितले. पंचवीसवर अडलंय.

काका, त्या आधीच्या शर्टाचा निळा डाग कशाने जातो? बायकोने दोनदा धुतला, आता सगळा शर्टच फिकट निळा दिसतोय.