वाहिनीची मालिका घ्यावी की स्वतःचा चित्रपट उभा करावा?

सायली_गोरेगाव:
चित्रनगरीत बरीच वर्षं मालिकांची लाइन प्रोड्यूसर आहे. शेड्यूल, बजेट, परवानग्या, जनरेटर, युनिटचा नाश्ता, सगळं माझ्या हाताखालून जातं. आता स्वतःचं बॅनर, म्हणजे निर्मितीसंस्था, काढायचंय. एका कादंबरीवर जीव जडलाय, लेखक हक्क द्यायला तयार आहेत. तेवढ्यात एका वाहिनीकडून मालिकेची विचारणा आलीय. आधी काय धरू?

जुना_निर्माता:
ताई, घर चालायला हवं, तेव्हा मालिका जरूर घ्या. पण ती तुमची नसेल हे धरून चला. वाहिनी पैसे देऊन करवून घेते, त्यामुळे करारात वेगळं काही नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पहिली मालक वाहिनीच. तुमच्याकडे राहतं ते भागामागचं मार्जिन. पावसाने दिवस फुकट गेला तरी कॅमेऱ्याचं आणि जनरेटरचं भाडं चढतंच, वाहिनी मात्र भागाचे ठरलेलेच देते. तेही बिल लावल्यावर दोन-तीन महिन्यांनी. तोवर सेटवर चहापाणी, हरकामं करणाऱ्या स्पॉटदादाची रोजी थांबवता येत नाही, थांबवूही नये.

चित्रपटासाठी पुढाकार आणि जबाबदारी तुमची असेल, तर कायद्याच्या लेखी त्याचा कर्ता निर्माताच, आणि हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं. एका चित्रपटाचे हक्क हातात असले की पुढच्यासाठी बोलणी करताना पायाखाली जमीन असते.

म्हणून कादंबरीचा करार आधी करा, नुसत्या शब्दावर राहू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत जातात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आपल्याकडे वर्षभरात तर नुसती पटकथा होते!

मीनल_के:
'कोर्ट' या मराठी चित्रपटाचे निर्माते विवेक गोम्बर हे मुळात नट. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचा तो पहिलाच चित्रपट, त्यात बचावाचा वकीलही गोम्बरच झाले. 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ. 2020 चा 'द डिसायपल'ही याच जोडीचा, थेट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की निर्माता दुसऱ्या चित्रपटालाही त्याच दिग्दर्शकाच्या मागे उभा राहिला. तुमचा दिग्दर्शक ठरलाय का? नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी गोव्यात एनएफडीसी या केंद्र सरकारच्या चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार') भरतो, सहनिर्माते शोधायला तिथे प्रकल्प पाठवा.

सायली_गोरेगाव:
दिग्दर्शिका ठरलीय, आमच्याच युनिटमधली आहे. शासनाचं अनुदान बजेटमध्ये धरलं तर चालेल का?

जुना_निर्माता:
मुळीच नको. समिती तयार चित्रपट बघून दर्जा ठरवते, त्यात बसलात तर पैसे. तोवर प्रदर्शनाचा खर्च होऊन गेलेला असतो. प्रसिद्धीची रक्कम शूटिंगआधीच वेगळ्या खात्यात टाका. डीआयला, म्हणजे शेवटच्या रंगसंस्काराला, पैसे कमी पडले की पहिला हात तिथेच जातो, आणि मग चित्रपट लागलाय हे कुणाला कळतही नाही. लेखकाच्या कराराचा मसुदा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून देईन.