मदत हवी आहे: रुंद पाऊल, भरलेली पोटरी, बायकांचे स्की बूट कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी. मी म्युनिकला राहते, गेली दोन वर्षं गार्मिशला स्कीइंग शिकतेय. उतार आता जमायला लागलेत, पण भाड्याच्या बुटांनी जीव नकोसा होतो. तासाभरात तळपायाला मुंग्या येतात, पोटरीवर वरच्या बकलचा लाल वळ उठतो आणि टाच मात्र आतल्या आत उचलली जाते.

पाऊल 24.5 सेंटिमीटर, म्हणजे मोंडो साइझ 24.5, पण चवडा चांगलाच रुंद. दुखतंय म्हटलं की दुकानात सरळ एक नंबर मोठा बूट देतात. टाच सुटते ती त्यानंच, हे आता कळलंय! यंदा स्वतःचे घ्यायचेत. चवड्यापाशी 102-103 मिमी रुंदीचे, फ्लेक्स (बुटाचा कडकपणा) 70-80चे बघतेय. लायनर (आतला मऊ बूट) काढून नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाऊल घालायचं, बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे दीडेक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे, एवढं शिकलेय.

पोटरी खालपासूनच भरलेली असेल तर कफ (बुटाचा पोटरीभोवतीचा वरचा भाग) रुंद करून मिळतो का? कुणी करून घेतलाय? आणि लायनर गरम करून पायाच्या आकाराचा करून घेतल्यानं खरंच आराम पडतो का? बजेट 400 युरोपर्यंत आहे. मैत्रिणींनो, स्वतःचा अनुभव नक्की सांगा, जानेवारीच्या आत घ्यायचेत.