मदत हवी आहे: पिकअपला पुढून लोखंडी गार्ड बसवावं का?

नमस्कार मंडळी. आमची बोलेरो पिकअप पिंपळगाव बसवंतकडून टोमॅटो-कांदा भरून नाशिकला येते. हंगामात रांगेत पुढचा ट्रॅक्टर जरा मागे सरकला की ट्रॉलीचा हूक थेट आपल्या जाळीत. परवा तसंच झालं. जाळी फुटली, डाव्या हेडलाइटचा कान तुटला, रेडिएटर थोडक्यात वाचला.

अंबडचा एक फॅब्रिकेटर जाड पाइपचं गार्ड चासीलाच वेल्ड करून देतो म्हणतो. मला ते पटत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने चासी तिथे कमजोर होऊ शकते आणि धडक बसली तर सगळा दणका तिच्यावरच. कुणी माणूस आडवा आला तर त्याचे हाल वेगळेच. शिवाय डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला कळवलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन.

नाशिकला पासिंगच्या वेळी गार्डवरून कुणाला अडवलंय का? फक्त हेडलाइट आणि रेडिएटरपुरती, बोल्टवर काढता-घालता येणारी हलकी जाळी कुणी बसवलीय का? घाटात इंजिन तापतं का? टोचनचा हूक मोकळा राहतो का? फोटो असतील तर कृपया टाका, गर्दी वाढायच्या आत काम उरकायचंय.