संस्कृतीच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञानात एम.ए. करावे का?

प्रश्न (विद्यार्थिनी, नाशिक):
मी मराठी घेऊन बी.ए. केले आहे. धर्म, रूढी आणि भाषा यांतून माणसाची विचार करण्याची रीत कशी घडते, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. त्यासाठी तत्त्वज्ञान निवडावे की समाजशास्त्र? तत्त्वज्ञानात कांट आणि शंकराचार्य शिकवतात, पण भोवतालच्या जगण्याशी त्यांचा सांधा जुळत नाही, असे पुष्कळांकडून ऐकले आहे.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक):
ऐकले ते अगदीच खोटे नाही. तरीही एखादी रूढी कशी टिकली हे समाजशास्त्र उलगडून दाखवते, तर ती टिकावी असे म्हणायला आधार कोणता, याची झडती तत्त्वज्ञान घेते. अमळनेरच्या 'तत्त्वज्ञान मंदिर' या संशोधन संस्थेचे काही काळ संचालक असलेले तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी वैचारिक स्वराज्याची मांडणी करताना म्हटले होते की, परक्या कल्पना घेणे ही गुलामगिरी नव्हे. आपल्या परंपरेतील कल्पनांशी त्यांची तुलना न करताच त्या जुन्यांच्या जागी येऊन बसतात, तेव्हा ती गुलामगिरी ठरते. आपल्याकडे ही तुलना परीक्षेतील 'साम्य-भेद सांगा' एवढ्यावरच आटोपते, हे दुर्दैव.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी):
समाजशास्त्र केवळ वर्णन करते, हे सरांचे म्हणणे मला मान्य नाही. शिवाय 'आपली परंपरा' म्हणजे नेमकी कोणाची, हेही विचारायला हवे. जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका कुटुंबाची कल्पना आहे: पत्नीने बौद्ध धर्म स्वीकारावा, पतीने ख्रिस्ती व्हावे, मुलीने इस्लाम आणि मुलाने फुल्यांनीच मांडलेला सार्वजनिक सत्यधर्म पत्करावा, आणि तरीही सर्वांनी प्रेमाने एकत्र नांदावे. संस्कृती घराण्याकडून वारशाने येते की व्यक्तीने पारखून घ्यायची असते, हा पक्का तात्त्विक प्रश्न त्यात आहे. पण फुल्यांना समाजसुधारकांच्या रकान्यात टाकले की तो विचारण्याची गरजच उरत नाही.

उत्तर ३ (माजी विद्यार्थिनी):
प्रवेशापूर्वी त्या विभागाचा अभ्यासक्रम मागवून घ्या. संस्कृतीचे तत्त्वज्ञान, सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान आणि सौंदर्यशास्त्र यांपैकी काही ऐच्छिक विषय तेथे खरोखर शिकवले जातात का, की केवळ कागदावर आहेत, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारा. प्रबंधिकेची (छोट्या संशोधन-प्रबंधाची) सोय असेल तर मार्गदर्शक कोण आहेत हेही पाहा, कारण तुमच्यासारखा विषय तेथेच मनाजोगता हाताळता येतो. मराठीची पार्श्वभूमी अडचणीची ठरत नाही; तर्कशास्त्र मात्र सुरुवातीला जड जाते, तेव्हा ते उन्हाळ्याच्या सुट्टीतच वाचायला घ्या.