'हिडन फिगर्स'मधली ती पाटी कुणी काढली?

रानवारा:
नासात आकडेमोड करणाऱ्या काळ्या बायकांवरच्या 2016 च्या या सिनेमात नासाचा गोरा साहेब स्वच्छतागृहावरची काळ्या बायकांसाठीची पाटी तोडून टाकतो. तो साहेबही काल्पनिक आणि प्रसंगही. खरी पाटी व्हर्जिनियातल्या, पुढे नासाच्या झालेल्या लँगली प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये होती. आकडेमोड करणाऱ्या बायकांना तेव्हा 'कॉम्प्युटर' म्हणत. काळ्या बायकांच्या टेबलावर 'कलर्ड कॉम्प्युटर्स' अशी पाटी असे. त्यांच्यातल्याच मिरियम मॅन यांनी ती उचलून सरळ पर्समध्ये टाकली. नवी आली, तीही टाकली. शेवटी पाट्या येणंच बंद झालं. 1940 च्या दशकात, नोकरीवर गदा येऊ शकत असताना! याचं श्रेय काल्पनिक गोऱ्या साहेबाला का द्यायचं?

सांजवेळ:
नाही पटलं. सिनेमा आहे, माहितीपट नव्हे. सिनेमाची नायिका, नासातल्या गणितज्ञ कॅथरिन जॉन्सनना 2015 मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, तेव्हा आपल्याकडे कितीजणांना त्या ठाऊक होत्या? माझ्या शिकवणीतल्या मुली आज त्यांच्या सहकारी डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन यांचीही नावं घेतात ती सिनेमामुळेच. गोऱ्यांच्या शाळेत भरणाऱ्या इंजिनिअरिंगच्या वर्गांना बसायला जॅक्सनना हॅम्प्टन शहराची परवानगी काढावी लागली, हेही त्यांना तिथूनच कळलं.

रानवारा:
नावं पोचली, मान्य. पण माणसं कशी पोचली? सिनेमातल्या जॉन्सन स्वच्छतागृहासाठी कागद सांभाळत पार दुसऱ्या इमारतीपर्यंत धावतात, साहेब मध्ये पडेपर्यंत. खऱ्या जॉन्सन पाटी नसलेलं जवळचं स्वच्छतागृह बेधडक वापरायच्या. मुलींना ही बाई का दाखवली नाही?

अंकगणित:
ती वणवण अगदीच मनची नाही हो. मेरी जॅक्सन दुसऱ्या विभागात कामाला गेल्या, तिथं स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं, तर गोऱ्या सहकारी हसल्या. तोच अपमान सिनेमाने जॉन्सनच्या वाट्याला दिलाय. एकट्या जॉन्सनचा अनुभव धरला तर भेदभाव नव्हताच असं वाटेल, आणि काळ्या बायकांचा वेगळा विभाग तर 1958 पर्यंत चालू होता. माझी तक्रार निराळी आहे. 1962 मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन उड्डाणाआधी म्हणाले, मशीनचे आकडे जॉन्सनकडून तपासून घ्या. ते काम दीड दिवस चाललं, पडद्यावर काही मिनिटांत उरकलंय. सिनेमाने तिथं जरा रेंगाळायला हवं होतं.

रानवारा:
अपमान खरा होता, यावर वादच नाही. तो मोडून काढणारी बाईही खरी होती. तिला पडद्यावर दोन मिनिटं मिळू नयेत?

सांजवेळ:
मिळायला हवी होती. तरी सिनेमा मी मुलींना दाखवणारच, मॅन यांची गोष्ट आधी सांगून.