मदत हवी आहे : पोषण आणि चयापचय या विषयात पदव्युत्तर शिक्षण कोठून घ्यावे?

नमस्कार मंडळी,

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून माझा मुख्य विषय जीवरसायनशास्त्र आहे. घर जिंतूर तालुक्यात, शेती ज्वारी-सोयाबीनची. पुढे पोषण आणि चयापचय या विषयात एम.एस्सी. व जमल्यास पीएच.डी. करावी, असे मनात आहे. परंतु आमच्याकडे ‘न्यूट्रिशन’ म्हटले की वजन उतरवण्याचा तक्ता लिहून देणाऱ्या ताईच लोकांच्या डोळ्यांसमोर येतात. ते काम कमी मोलाचे नाही, पण मला ते करायचे नाही.

माझी ओढ नेमकी कशाकडे आहे ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसारित केले. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, तर या वाणात ते ४५ च्या आसपास आहे. मात्र दाण्यात लोह वाढले म्हणजे भाकरी खाणाऱ्या बाईच्या रक्तात ते तेवढेच वाढेल, असे होत नाही. कारण धान्यात नैसर्गिकपणे असणारे फायटेट हे संयुग लोहाला धरून ठेवते, जेवणावर लगेच घेतलेला चहा शोषणात आणखी अडथळा आणतो आणि भाकरीवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे तेच शोषण सुधारते. शिवाय यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून रक्तात किती लोह जाऊ द्यायचे ते ठरवते, आणि शरीरात दाह असेल तर ते वाढून वाट अडवते. धान्य, स्वयंपाक आणि संप्रेरक यांची ही साखळी एकत्र शिकता येईल, असे ठिकाण मला हवे आहे.

आतापर्यंत तीन वाटा दिसल्या आहेत. परभणीच्याच कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालयातील अन्न व पोषण विभाग घरापासून जवळ आहे आणि घरच्यांची पसंती अर्थातच त्याला आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था नांदेडहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि तेथे उपयोजित पोषण या विषयात एम.एस्सी. करता येते. तिसरी वाट म्हणजे साधी जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी. करून पीएच.डी.च्या वेळी पोषणाकडे वळणे. ही वाट मला सर्वांत सुरक्षित वाटते, पण आहार सर्वेक्षण, मानवी चाचण्यांची आखणी, शरीररचनेची मोजमापे यांपैकी काहीच हाती न लागता दोन वर्षे जातील, अशी धास्तीही वाटते.

म्हणून विचारायचे आहे ते असे. ज्यांनी पोषणशास्त्रात एम.एस्सी. केली आहे, त्यांच्या अभ्यासक्रमात चयापचयाचा भाग किती खोल होता, आणि प्रबंधासाठी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम मिळाले की प्रश्नावल्या भरून घेण्यावरच भागले? गृहविज्ञानाची पदवी नसल्यामुळे प्रवेशाला कोणाला अडचण आली का? इंडियन डायेटेटिक असोसिएशनच्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञ परीक्षेचा संशोधनाच्या नोकरीत काही उपयोग होतो का, की ती रुग्णालयात काम करणाऱ्यांपुरतीच आहे?

परदेशाचा विचार सध्या दूरचा आहे. तरीही अमेरिकेतील काही विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी पुरेशी धरत नाहीत, असे वाचल्यामुळे एक शंका आहे : येथे एम.एस्सी. करून अर्ज करावा, की नव्या शैक्षणिक धोरणातील पदवीचे चौथे, ऑनर्सचे वर्ष पूर्ण करून थेट पीएच.डी.साठी प्रयत्न करावा? वडिलांना शुल्काचा आकडा सांगताना माझ्या हाती काहीतरी ठोस असावे, म्हणून ज्यांना शिष्यवृत्ती किंवा संशोधन साहाय्यवृत्ती मिळाली आहे, त्यांनी राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून भागला का, हेही कृपया लिहावे.